लोहगरुडाचा वण

तळेगाव ढमढेऱ्यात बातमी अशी उठली की फ्लेक्सवाल्या सवितानं दौंडात कुणीतरी धरलाय. बातमी निघाली आठवडी बाजारात, मेथीच्या जुड्यांमधून, आणि हौसराव आप्पांच्या चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्या माणसाला मिशा फुटल्या, रेल्वेत नोकरी लागली आणि क्वार्टरसुद्धा मिळालं. नुसतं नाव तेवढं ठेवायचं बाकी होतं. मग एकदा आप्पाच काही कामानं दौंडला गेले आणि त्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलं. टॉकीजच्या फाटकातून सविता बाहेर येत होती, एकटी, ओढणीनं डोळे पुशीत. मागं भिंतीवर लोखंडी पंखांच्या माणसाचं भलंमोठं पोस्टर. आप्पांचा फार विरस झाला. ‘माणूस न्हाई रं, पिक्चर हाय,’ त्यांनी परत येऊन सांगितलं, आणि टपरीवर सुतक पडल्यासारखं झालं. एवढी चांगली बातमी अशी वाया जावी.

पण चाळिशीची, नवऱ्याशी न पटल्यानं माहेरी येऊन राहिलेली, दुकान चालवणारी बाई हाणामारीच्या पिक्चरला जाऊन रडते कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती सांगणार नव्हती.

सविताचं दुकान आप्पांच्या टपरीसमोरच. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं तिथं छापून मिळतं. ती बोर्ड तयार करायची आणि तिचा धाकटा भाऊ बिरदेव तो बांबूवर बांधून यायचा. कोरेगाव भीमापासून दौंडापर्यंत त्याचा टेम्पो फिरायचा. दौंडचं काम असलं की तो म्हणायचा, ‘आक्का, चल, बोर्ड बांधू आन् पिक्चर बघू.’ लोखंडी पंखांच्या त्या लोहगरुडाचे तिन्ही भाग दोघांनी तिथंच पाहिले. बिरदेवला पिक्चरपेक्षा त्यातल्या चुका धरायची हौस. खुर्चीतून कानात सांगायचा, ‘आत्ता शर्ट फाटला व्हता की गं ह्याचा. शिवला कवा?’ सविता त्याला कोपरानं ढोसायची आणि तोंड दाबून हसायची.

तिसऱ्या भागात लोहगरुड मेला. परतीच्या वाटेवर न्हावरं येईपर्यंत बिरदेव टेम्पोत एक शब्द बोलला नाही. नंतर कधीतरी त्यानं मोबाइलवर वाचलं की चौथा भाग निघतोय, पण गोष्ट पुढं न जाता मागं जाणार, लोहगरुड नुकता पंख लावायला शिकतोय तिथं. केवढा खूश झाला. सविता म्हणाली, ‘मेलेल्या माणसाचं काय बघायचं?’ तर म्हणाला, ‘अगं, त्या भागात त्यो अजून मरायचाय.’

तो भाग टॉकीजला लागायच्या आधीच, मित्राच्या हळदीला जाताना, कासुर्डीजवळ हायवेवर अपघातात बिरदेव गेला.

श्रद्धांजलीचा बोर्ड सवितानंच केला. लोक म्हणाले, दुसरीकडून आणतो, तर हिनं ऐकलं नाही. ‘त्याचा बोर्ड दुसऱ्या कुणी केला तर त्यो मला हसंल,’ म्हणाली. आता ह्या धंद्याची एक रीत आहे. बोर्डावर एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला पुढारी, आणि तोंडं सगळ्यांची आत, एकमेकांकडं. कुणी बाहेर बघत असेल तर फोटो उलटवायचा, आरशात दिसतो तसा. नाहीतर पुढाऱ्याकडं पाठ केली म्हणून बोभाटा होतो. सविताचा हात वर्षानुवर्षं हेच करत आलेला. डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि हात आपल्या सवयीनं गेला. बिरदेव उलटला.

बिरदेवच्या डाव्या भुवईवर वण होता. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटला होता, तिथं भुवईचे केस परत आलेच नाहीत. बोर्ड वेशीत उभा राहिला तेव्हा त्यांची आई तुळजाबाई पुढं गेली आणि लेकाच्या भुवईवर हात ठेवला. हाताला वण सापडला नाही. पदरानं फ्लेक्स पुसला, पुन्हा पाहिलं.

‘वण कुठं गेला गं ह्याचा?’

सविताला तेव्हाच कळलं. पण जीभ उचलली नाही.

‘ह्यो माझा न्हवं,’ म्हातारी म्हणाली, आणि तेव्हापासून तिनं वेशीची वाट सोडली. बोर्ड उतरला तरी दळणाला जाताना ती मागल्या आळीनं, शेणामातीतून जायची. सविता दुकानाच्या दारातून बघायची.

आता वर्षाचं पुण्यस्मरण आलं होतं. कीर्तनकार ठरले होते, आचारी ठरला होता, बोर्ड तेवढा राहिला होता. सविता संगणकावर बिरदेवचा फोटो उघडायची, भुवईकडं बघायची आणि बंद करायची. बंद केला की दुकानाला कुलूप लावून दौंडची जीप धरायची. चौथा भाग तिथं नुकताच लागला होता. आत अंधारात बसून रडायची.

मिशीवाल्याची ती जुनी कुजबुज उशिरा का होईना, तुळजाबाईच्या कानावर गेलीच. एका दुपारी सविता निघाली तर म्हातारी चपला घालून उंबऱ्यात उभी.

‘मीबी येते. बघू दे तुझा मिशीवाला.’

दोघी दौंडच्या जीपमध्ये बसल्या. टॉकीजमध्ये पाच-सहा टाळकी. तुळजाबाईनं पाय वर घेतले, पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघू लागली. पिक्चर चुकांनी भरलेला होता. पहिल्या भागात लोहगरुड म्हणतो की मी समुद्र कधी पाहिला नाही; इथं पोरवयातला लोहगरुड रोज समुद्रात पोहतोय. तिथं बाप लोहार होता, इथं मास्तर झालाय. सविता एकेक चूक मनात धरत होती, शेजारच्या खुर्चीतून सांगायला आता कुणी नव्हतं म्हणून.

मग पोरगं छपरावरून पडलं, गालाला खोक पडली. पुढच्याच प्रसंगात वण दुसऱ्या गालावर.

‘अगं,’ तुळजाबाई मोठ्यानं म्हणाली, ‘हिकडचा वण तिकडं कसा गेला ह्याचा?’

पुढच्या रांगेतला एकजण मागं वळून हसला.

‘फोटो उलटा लावला, आई,’ सविता म्हणाली. ‘तोंड दुसऱ्या बाजूला पायजे असलं की उलटवत्यात. मग वण फिरतो.’

‘म्हंजी पोरगं तेच हाय?’

‘तेच हाय.’

पडद्यावर पोरगं पंख बांधत होतं. तुळजाबाईनं पाय खाली सोडले.

‘मग आपला बिरूबी...’

सवितानं होय म्हणून मान हलवली. अंधारात ती म्हातारीला दिसली की नाही कोण जाणे. पण खडबडीत हात आला आणि सविताच्या मनगटावर बसला.

‘मला वाटलं, घाईत दुसऱ्याच कुणाचा लावला,’ तुळजाबाई म्हणाली. ‘वर्षभर बोलली का न्हाईस, बये?’

लोहगरुड पहिल्यांदा उडाला. टॉकीजमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. दोघी रडत होत्या.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी वेशीत सविता स्वतः शिडीवर चढली. बांधायला दुसरं होतंच कोण. खाली शिडी धरून हौसराव आप्पा. वण डाव्या भुवईवर होता. पण फोटो सरळ लावल्यामुळं बिरदेवचं तोंड बाहेर झालं होतं, रस्त्याकडं, आणि शोकाकुल पुढारी त्याच्या पाठीकडं बघत हात जोडून उभे. तुळजाबाई पाराच्या कट्ट्यावर बसून वर बघत होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती.

‘सविता, पोरानं पुढाऱ्यांकडं पाठ केलीया,’ आप्पा म्हणाले. ‘बोलणी खाशील.’

‘जित्तेपणी तरी कवा बघत व्हता त्यांच्याकडं.’

‘बरं, आता तरी दौंडच्या वाऱ्या संपल्या म्हणायच्या. समद्या चुकाच हायेत म्हणं त्या पिक्चरात.’

सवितानं शेवटची गाठ मारली, दातानं सुतळी तोडली आणि वरूनच म्हणाली, ‘चुका तर हायेतच, आप्पा. पण त्या भागात त्यो अजून मरायचाय.’