टाचणीमावशीचा बांधायचा झगा

आमच्या नाटक मंडळीत कपडेपट सांभाळणाऱ्या बाईचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडात कायम टाचण्या, म्हणून ती टाचणीमावशी. एकही टाचणी न सांडता ती बोलायची, हसायची आणि वेळ पडली तर शिव्याही हासडायची.

नव्या नाटकात मी हॉटेलची मालकीण होते. माझी पहिली मोठी भूमिका! मावशीनं अंगासरसा बसणारा, पाठीला चेन असलेला तांबडा झगा शिवला. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी ती चेन अर्ध्यावरच अडली.

"श्वास आत घे."

"घेतलाय, मावशी."

तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "हा श्वास नाही गं बाई. कितवा महिना?"

मला रडूच फुटलं. मंडळीच्या मालकांना हे कळताच माझी भूमिका जाणार होती. दुसरी नटी टपूनच बसली होती.

"रड, पण कापडावर नको," म्हणत मावशी शिवण उसवायलाही लागली.

तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या बायका घरच्या कपड्यांवर एक लांब झगा चढवत. पुढच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आणायच्या नि कमरेला बंद आवळायचा. बटण नाही, चेन नाही. काटकुळी असो, थोराड असो की दोन जिवांची, खुंटीवरचा कुठलाही झगा कुणालाही व्हायचा. तोच बेत मावशीनं तांबड्या कापडात उतरवला.

तालमीला मालक पहिल्या रांगेत होते. मी प्रवेश घेतला. पाऊल टाकलं की झग्याची कड उलगडायची आणि लगेच मिटायची. मला तर आपण तरंगतोय असंच वाटलं.

मालक ओरडले, "मावशी, मालकिणीची धुणेवाली केलीत की!"

विंगेतून उत्तर आलं, "असू दे! तुमची नजर कुठं हलतेय तिच्यावरून?"

प्रयोगामागून प्रयोग झाले, बंद सैल होत गेला. नाटक सुटलं की बायका कपडेपटाच्या दाराशी गर्दी करत. "आम्हालाही अस्साच हवा!" आज माझी नात तसलाच झगा घालून ऑफिसला जाते आणि त्याला नवी फॅशन म्हणते. म्हणू दे बापडी.

शेवटी मी बाळंतपणाला गेले आणि माझ्या जागी ती दुसरी नटी उभी राहिली. मावशी मला भेटायला आली.

"झगा बसला तिला?" मी विचारलं.

"झक्क."

ज्या झग्यानं माझी भूमिका राखली, त्यानंच ती दुसरीच्या हवाली केली होती!

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. असं ती क्वचितच करायची. "अगं वेडे, तो झगा कुणालाही बसतो. तिला ती मालकीण काही बसली नाही. मालक रोज विचारतात, कधी येतेय म्हणून."

मी परतले तेव्हा तांबडा झगा खुंटीवर होता. एक टाकाही उसवावा लागला नाही. मावशीनं बंद ओढून घट्ट गाठ मारली, लेकीला माझ्या हातातून घेतलं आणि मला रंगमंचावर ढकललं.