पोचा नसलेला डबा

माईंच्या स्वयंपाकघरात धड भांडं शोधून सापडायचं नाही. पातेल्याला पोचा, बादलीला पोचा, तव्याची मूठ तुटलेली. अर्धे पोचे नवऱ्याच्या वेळचे, अर्धे लेकाच्या. नवरा जाऊन कैक वर्षं लोटली, पण त्याने फेकून मारलेल्या किटलीत अजून चहा उकळायचा. तिचं झाकण तेवढं बसत नव्हतं. माईंच्या डाव्या भुवईवरचा व्रणही त्याच किटलीचा.

"ह्यांना राग आला की भान राहायचं नाही हो," हे वाक्य माईंनी जन्मभर वापरलं. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळताना बाजूच्या बाईला सांगितलं, दात पडला तेव्हा दाताच्या डॉक्टरला सांगितलं. तशी बाई काही गरीब गाय नव्हे. कामावरच्या मुकादमाला एका वाक्यात गार करायच्या. पण घरातल्या माराचा विषय निघाला की वकील व्हायच्या, आणि तेही मारणाऱ्याच्या बाजूने! पुढे लेक बापाच्या वळणावर गेला, तेव्हा तेच वाक्य त्यांनी झटकून त्याच्यासाठी काढलं.

लेक लोखंडी कपाटांच्या कारखान्यात कामाला. पंजा असा की एक थप्पड बसली तर माणूस भिंतीला जाऊन टेकावा. सून दोनदा टेकली होती. एकदा त्याने तिला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं, का, तर हाक मारल्यावर लगेच आली नाही. एकदा तिचा हात चौकटीत असताना दार आपटलं. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज माईंनी शेजारच्या खोलीत ऐकला. "त्याने पाहिलं नाही गं," असं म्हणत त्यांनीच तिच्या बोटाला पट्टी बांधली. सून नुसती माईंकडे बघत राहिली.

तर त्या मेल्या रागावर माईंनी बोट मोडायच्या बऱ्याच आधी एक उपाय काढला होता. धोबीखान्यातली एक जण म्हणाली होती, राग हातात साचतो, हातांना काहीतरी बडवायला द्या. माई घरी राय नावाच्या धान्याचा काळपट, आंबट ब्रेड करायच्या, वर भरपूर बिया घालून. मनाशी म्हणाल्या, पीठ द्यावं ह्याच्या हातात, बुकलू दे काय बुकलायचं ते, पोरीचा मार तरी वाचेल. पण घाईत एक विसरल्या. रायचं पीठ गव्हासारखं तिंबायचं नसतंच! ते चिखलासारखं चिकट. बडवलं तर हाताला घट्ट बसतं, बाकी काही होत नाही. हात ओला करून भिजलेलं जवस आणि सूर्यफुलाच्या बिया त्यात हळूच मिसळायच्या, डब्यात भरायचं आणि गप्प बसायचं. फुगल्यावर तर धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही, खाली बसतं. भाजून झाला तरी एक दिवस फडक्यात गुंडाळून ठेवायचा, नाहीतर आतून चिकट निघतो.

माईंना वाटलं, हा तासाभरात सगळं खिडकीबाहेर फेकणार. पण कसचं काय! लेकाला ते जमलं. भला थोरला गडी, ओल्या तळव्याने पिठाचा माथा असा सारखा करायचा, जसं ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा. दर रविवारी ब्रेड. तो डबा तेवढा घरात बिनपोच्याचा. माईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, लेक माणसात आला म्हणून. मधल्या सहा दिवसांचं काही सांगितलं नाही.

बोट मोडल्यावर सुनेच्या भावाने निरोप धाडला, रविवारी दुपारी येतो, बहिणीला घेऊन जातो. सून माईंना म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना जन्मापासून ओळखता. तुम्ही म्हणालात सुधारतील, तर मी राहते. खरं काय ते सांगा."

माईंचं उत्तर तयार होतं. रविवारी भाऊ आला की त्याच्यासमोरच राहा म्हणणार होत्या.

रविवार उजाडला. पीठ डब्याच्या काठाला आलं होतं, ओव्हन तापत होता. लेक टेबलाशी, समोर सून, मध्ये डबा. माई मोरीशी भांडी विसळत होत्या. सून हळूच म्हणाली, "दादा येतोय आज. मला न्यायला."

तो उठला. मानेच्या शिरा टरारल्या, डोळे लाल झाले, हात वर गेला. माईंनी पातेलं खाली ठेवलं. झालं, गेलं ह्याचं भान, त्यांच्या मनात आलं.

आणि तो हात थांबला. मध्ये डबा होता ना! त्याने तो दोन्ही हातांनी अलगद उचलला, धक्का लागू न देता पलीकडच्या फळीवर नेऊन ठेवला. वर फडकं टाकलं. फडक्याचं एक टोक लोंबत होतं, तेही सारखं केलं.

मग परत आला आणि सुनेच्या तोंडावर मूठ मारली. ती खुर्चीसकट खाली गेली. ओठ फाटला, फरशीवर रक्त सांडलं. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. "मला भान राहत नाही! आई, तुला माहितीय ना, मला भान राहत नाही!" तो धापा टाकत ओरडला.

माई त्या सारख्या केलेल्या फडक्याकडे बघत होत्या. त्यांना किटली आठवली. फेकण्याआधी नवऱ्याने आपला कप भरून घेतला होता. भरून, बशीवर नीट ठेवून, मग फेकली होती. इतकी वर्षं भुवईला हात लावला की त्यांना त्याचा राग आठवायचा. तो कप एकदाही आठवला नव्हता.

माईंच्या अंगाची लाही लाही झाली. लेकावरच्या, नवऱ्यावरच्या आणि सगळ्यात जास्त स्वतःवरच्या संतापाने. त्यांनी फळीवरचा डबा उचलला आणि होता नव्हता तो जोर लावून लेकाच्या खांद्यावर हाणला. तो कळवळून खाली बसला. पीठ त्याच्या छातीवर, भिंतीवर, फरशीवर उडालं.

"आई! वेड लागलं का तुला?"

"नाही. भानावर आहे. म्हणून डोकं सोडून खांद्यावर मारलं."

त्याचा हात डब्याकडे गेला. डब्याला हा एवढा पोचा. तो अंगठ्याने तो पोचा दाबून बघायला लागला. बायको हातभर अंतरावर रक्त थुंकत होती, आणि हा डबा सरळ करत होता! माईंनी तेही पाहून घेतलं.

भाऊ आला तेव्हा दार माईंनीच उघडलं. सुनेला आधार देऊन त्यांनी उंबऱ्यापर्यंत आणलं होतं, खांद्याला तिची पिशवी. बहिणीचं तोंड बघून तो आत धावायला निघाला. माई आडव्या झाल्या.

"तुम्ही तर म्हणत होतात, सुधारेल," तो दात खाऊन म्हणाला.

"बिघडला असता तर सुधारला असता, बाबा. हा सगळं शुद्धीवर करतो. ह्याचा बापही तेच करायचा." माईंचा आवाज फाटला. सुनेचं मोडकं बोट त्यांनी दोन्ही हातांत धरलं. "पोरी, ह्याने तुझा हात बघूनच दार आपटलं, मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले."

सून रडायला लागली. "तुम्हीपण चला, आई. तो तुम्हाला सोडायचा नाही."

"घर माझं आहे, मी कुठे जाऊ? जाईल तो. मी शेजारच्या घरात बसते तोवर." माईंनी पदराने तिचा ओठ पुसला आणि भावाकडे वळल्या. "आधी हिला डॉक्टरला दाखव, मग चौकीवर ने. ते विचारतील, मारताना पाहिलं कुणी? सांग, सासूने पाहिलंय. म्हणावं, ती स्वतः येतेय सांगायला."