एका नंबरात दोन घरं

घाटकोपरच्या टेकडीवरची आमची वस्ती पाडण्याआधी आम्ही दारोदारी फोटो काढले. ज्याचं घर, तो दारात उभा. नवं घर मिळायला तोच पुरावा. फोनने दिलेली आकड्यांची नावं बदलून फाइलला दाराचा नंबर द्यायला मी पीएचपी या संगणकाच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ आली: झालं, झालं, झालं. फोल्डर मोजला तर एक फोटो कमी.

"चुकून डिलीट केलास काय गं?" सोबतचा कार्यकर्ता म्हणाला.

"अरे, डिलीटची ओळच नाहीये!"

खरंच नव्हती. तरी एक माणूस गेलं होतं. कोण, ते कळेना. सगळे चेहरे आपापल्या नंबरावर शांत बसलेले.

मग एकेकाला बोलावून फोटो दाखवले. तळमजल्यावरची मालवणी आजी आली. तिचा नंबर उघडला. फोटोत शिडीवर, माळ्याच्या दारात, तिचा पुतण्या. खाली तिचं दार उघडं, आत काळोख.

आजीने काळोखावर बोट ठेवलं. "ह्यां माझाच दार. मगे मी खंय गेलंय गो?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माळ्यावरच्या घराला नंबर नसतो. तो खालच्याचाच सांगतात. जन्म त्या वस्तीत गेला माझा, आणि स्क्रिप्टला दिलेल्या यादीत मीही दोघांना तोच नंबर लिहिला. दोन्ही फोटोंना एकच नाव. दुसरा पहिल्यावर बसला, स्क्रिप्टने हूं की चूं केलं नाही. मूळ फोटो ज्यात होते तो फोन उसना होता, पुसून परत दिलेला.

नव्या घरांच्या सुनावणीत अधिकारी स्क्रीनकडे बघून म्हणाला, "खाली कोणी राहत होतं कशावरून?" आजी त्याच्यासमोरच बसली होती. माणसं गायब करणाऱ्या कारभारावर मी किती पत्रकं लिहिलीत! त्या दिवशी लिहून दिलं की हिला मी पुसलं. त्याने कागद घेतला आणि शेरा मारला: पुराव्याअभावी अपात्र.

अपील करू म्हटलं. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "चल, फोटो काढ."

"कुठे, आजी?"

"खंय म्हंजे? दारात."

टेकडीवर नुसता राडारोडा. भर दुपारी ती विटांमधून न अडखळता चालत गेली, एका जागी थांबली, साडी किंचित उचलली आणि नसलेला उंबरा ओलांडून आत गेली. मग वळून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. उजवा हात चौकटीला टेकावा तसा हवेत टेकलेला.

तो हात जराही हलत नव्हता.