आधी आऊट, मग नमस्कार

साजगावच्या आमच्या कंपनीत लॅबमध्ये फोन नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी दुपारी शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला, तर वैशालीच्या नवऱ्याचे, सुनीलभाऊंचे, नऊ मिस्ड कॉल. काय झालं असेल ते कळायला फोन लावायची गरज नव्हती. तरी लावला. ते एवढंच म्हणाले, ‘‘ताई, सकाळीच गेली ती… तुमाला किती फोन केले.’’ मी तिथेच बाकावर बसले. आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला स्वतःचाच राग आला. आठ दिवसांपूर्वी मी तिला एक गोष्ट सांगायला म्हणून कडावला गेले होते आणि न सांगताच परत आले होते.

मला वैशालीची माफी मागायची होती. शाळेत असताना सॉफ्टबॉलच्या एका मॅचनंतर मी तिला जे बोलले होते, त्याची. त्याला अठरा वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकींची पोरं सांभाळली, भांडलो, हसलो, पण तेवढं मात्र राहिलं. शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती, आजारानं पार वाळून गेली होती. मी म्हटलं, ‘‘वैशे, मला तुला एक सांगायचंय…’’ तर ही मधेच म्हणते, ‘‘आधी मला सांग, रविवारी पोरी आल्या हुत्या का गं? प्रणाली अजून हात खाली घेऊनच फेकते का?’’ झालं! मग तासभर आम्ही प्रणालीच्या, आम्ही शिकवतो त्या पोरींतल्या कॅचरच्या, खांद्यावर बोललो. निघताना मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगेन.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातून तो सुटला की पहिल्या बेसवर उभी असलेली मुलगी, बॅटरनं मारायची वाट न बघता, दुसऱ्या बेसकडे पळत सुटते. याला बेस चोरणं म्हणतात. ही चोरी पकडायचं काम दोघींचं. बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरनं बॉल झेलून, झटक्यात उठून, तो सेकंड बेसवर फेकायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपनं पळत तिथे पोचायचं, बॉल घ्यायचा आणि येणाऱ्या मुलीला तो ग्लोव्हसकट लावायचा. मी कॅचर होते आणि वैशाली शॉर्टस्टॉप. यातली गंमत अशी की मी फेकते तेव्हा बेसवर कुणीच नसतं. मला सुरुवातीला हातच सुटायचा नाही. आमचे पीटीचे सर ओरडायचे, ‘‘अगं फेक! तिची वाट बघत बसलीस तर ती चोरटी घरी जाऊन जेवंल.’’ मग मी डोळे मिटल्यागत फेकायची, आणि वैशाली तिथे असायचीच. एकदाही ‘आले’ म्हणून ओरडायची नाही, नुसती असायची.

शाळेचं मैदान एवढंसं होतं, म्हणून भात कापून झालं की सर एका पालकाचं शेत मागून घ्यायचे. खताच्या गोणीत भाताचा तूस भरून, तोंड शिवून, आमचे बेस तयार व्हायचे. शेतात कापणीनंतरची धसकटं असायची, टोचणारी, सुईसारखी उभी. त्यामुळे बेसवर घसरत जाणं हा प्रकारच आम्हाला ठाऊक नव्हता. कोण घसरणार? मांड्या सोलून निघाल्या असत्या. आमच्याकडे चोरी करणारी मुलगी उभ्या उभ्या पळत यायची आणि वैशाली तिच्या खांद्याला ग्लोव्ह टेकवायची, की आऊट. दोन वर्षं हेच चाललं. पाय कुणाचा कुणाला लागायचा प्रश्नच आला नाही.

वैशाली मामाकडे वाढलेली. आई नव्हती, वडलांनी दुसरं लग्न केलेलं. मामाच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं. सकाळी गोठ्यातलं शेण काढून, डेअरीवर दूध घालून मग ती शाळेत यायची. चुकून कुणाला पाय लागला, की त्या माणसाला हात लावून तो हात छातीला लावायचा, हे आपण सगळेच करतो. पण वैशालीचं ते श्वास घेतल्यासारखं होतं. दप्तराला पाय लागला तरी नमस्कार, ग्लोव्हला लागला तरी नमस्कार. त्या घरात पाय लागल्यावर काय ऐकून घ्यावं लागत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग जिल्ह्याच्या मॅचेस आल्या. चांगलं सपाट, लाल मातीचं मैदान, पांढरे शुभ्र बेस, आणि एका टेबलाशी संघ निवडणारी मंडळी बसलेली. आमच्या घरी मला दहावीनंतर शिकवायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघात नाव लागलं तर वडील नरम पडतील, असं मी मनाशी धरून बसले होते. शेवटचा डाव, आम्ही एका रनानं पुढे, समोरच्या दोघी आऊट झालेल्या, तिसरी झाली की मॅच आमची. त्यांची एक उंच मुलगी पहिल्या बेसवरून सुटली. मी उठले आणि फेकला. आयुष्यात तसा थ्रो मी परत कधी फेकला नाही. वैशाली तिथे होती, बॉल ग्लोव्हमध्ये बसला, आणि ती उंच मुलगी धूळ उडवत, घसरत आली ती थेट ग्लोव्हवर. अंपायरचा हात वर जायला लागला होता… आणि त्या गडबडीत वैशालीचा पाय त्या मुलीच्या दंडाला लागला.

पुढचं मी आजही जसंच्या तसं बघू शकते. वैशाली खाली वाकली, त्या मुलीला हात लावला आणि तो हात छातीला नेला. ग्लोव्ह सैल पडला, बॉल घरंगळला. अंपायरनं दोन्ही हात आडवे केले, सेफ! ती मुलगी बॉलकडे बघून उठली आणि तिसऱ्या बेसवर गेली. पुढच्या फटक्यावर ती घरी, म्हणजे माझ्यासमोरच्या होम प्लेटवर, आली, तिच्यामागून मारणारीही आली, दोन रन झाले आणि आम्ही हरलो.

सर एक अक्षर बोलले नाहीत. मी बोलले. परत येताना टेंपोत, सगळ्यांसमोर. म्हटलं, ‘‘पाया पडायची एवढी हौस हाय तर मामाच्या दारातलं शेणच काढ. तुला तेवढंच जमतं.’’ शिळफाट्याला थांबून सरांनी सगळ्यांना वडापाव दिला, तो वैशालीनंही खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला माझ्या आधी येऊन उभी. मी फेकला, ती तिथे होती. माझं नाव संघात लागलं नाही, आणि वडलांनी मला पुढे शिकवलं ते शिकवलंच. म्हणजे माझं काही गेलं नव्हतं. बोलायचं ते बोलून मात्र बसले होते.

लग्न होऊन वैशाली कडावातच राहिली, झेरॉक्सचं दुकान टाकलं. सहा वर्षांपूर्वी शाळेनं विचारलं, तेव्हापासून आम्ही दोघी रविवारी सकाळी मुलींना शिकवायला लागलो. मी कॅचर घडवायची, सेकंड बेस तिच्याकडे. नवी तुकडी आली की वैशाली ती मॅच सांगायची, आणि काय सांगायची! अंपायरचा वर निघालेला हात, स्वतःचा नमस्कार, सगळं करून दाखवायची. पोरी हसून लोळायच्या. मग म्हणायची, ‘‘पाय लागू दे, लागंल तर लागंल. बॉल दोन्ही हातांनी धर, आऊट ऐकू आलं की मग काय पाया पडायचं ते पड. आधी आऊट, मग नमस्कार!’’ गोष्ट तिथे संपायची. टेंपो कधी आलाच नाही त्यात. मी शेजारी उभी असायची, सहा वर्षं ती गोष्ट ऐकायची आणि दर वेळी माझा जीव भांड्यात पडायचा. लाज वाटते आता सांगताना.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी एकटीच गेले. सराव सुरू झाला. प्रणालीनं सेकंड बेसवर छान थ्रो केला, शॉर्टस्टॉप सेजलच्या हातून तो सुटला. प्रणाली मास्क वर करून ओरडली, ‘‘तुला झेपत नाय तर घरी बस ना गं!’’ सेजल बेसपाशी खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिली. ती सुटलेली नव्हती.

मी बाकीच्यांना होम प्लेटपाशी बसवलं आणि वैशालीची गोष्ट सांगितली. मला तिच्यासारखी करून दाखवता येत नाही, कुणी फारसं हसलं नाही. नमस्कारापाशी आले आणि या वेळी थांबले नाही. टेंपोत मी काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं.

प्रणाली माझ्याकडे बघत होती. ‘‘मग ताई, तुमी सॉरी बोललात?’’

‘‘नाय गं,’’ मी म्हटलं. ‘‘राहूनच गेलं.’’

तिनं मास्क काढून ठेवला आणि सेजलकडे चालत गेली. तिथे ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. होम प्लेटपासून सेकंड बेस जेमतेम पंच्याऐंशी फुटांवर. तेवढ्या अंतरात मी वैशालीकडे हजारो बॉल फेकले. चालत मात्र एकदाही गेले नाही.