मार्चमधलं गवत

४ मार्च १९५५. पोत्याच्या तरटाचे रंगवलेले धागे नखाएवढे कापून फळीवर उभे चिकटवणे. कामाचा चौथा दिवस.

वाशीमच्या शेतकी प्रदर्शनात आमच्या गावाची प्रतिकृती ठेवायची होती. गाव किन्हीराजाच्या बाजूचं, लहान. तिथल्या शाळेत मी शिकवत होते. शिवणकामही माझ्याकडेच, म्हणून गवत माझ्या वाट्याला आलं; दुपारच्या तासांतून मोकळीक घेऊन मी ते घरी करत होते. चार फुटी फळीवर शाळेच्या मुख्य गुरुजींनी पुठ्ठ्याची घरं, देऊळ आणि रस्ता करून ठेवला होता. उरलेली मोकळी जागा माझी.

प्रदर्शनाला येणारे साहेब कोणत्या गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर द्यायची ते ठरवणार होते. आमचा अर्ज गेला होता. उन्हाळा लागला की गावातल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा उकरत. त्याला झिरा म्हणत. आत उतरून वाटीवाटीने घागर भरायची. मीही भरत होते. शाळेच्या आधी एक, नंतर एक.

गवताची रीत मी चुका करत बसवली. पोत्याचा धागा उसवायचा, पिळा काढून सरळ करायचा, जुडी बांधून हिरव्या रंगात बुडवायची. वाळली की कापायची. बाभळीच्या डिंकाचा थेंब फळीवर टाकून झुपका त्यात उभा धरायचा. डिंक धरेपर्यंत हात हलवायचा नाही. मग सुईने शेंडे फाकवायचे. पहिल्या दिवशी कणकेची खळ वापरली होती, ती उंदरांनी खाल्ली. झुपक्यांच्या मधे सुताराकडचा भुसा रंगवून पेरला. मनगटापर्यंत हात हिरवे झाले होते. भाकरी थापताना पीठही हिरवट व्हायचं. मान आखडली होती. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कोपरा भरला आणि आता कोणी काही सांगू नये एवढंच वाटत होतं.

तेवढ्यात शेजारीण आली. घागर उंबऱ्याशी ठेवून फळीवर वाकली.

"हे काय करून राह्यल्या बाई तुमी?"

"गवत."

"मले वाटलं पालकाची भाजी सांडली."

मी कात्री पुसू लागले.

"कोन्या गावचं हाये? सांगा, माही म्हैस नेतो तिकडं."

"आपल्याच गावचं आहे. दिसत नाही का देऊळ?"

ती हसायची थांबली. "बाई, येवढं हिरवं दावलं त साहेब म्हनतीन, या गावात पानीच पानी हाये. मंग विहीर कायले देतीन? माही सून सात महिन्याची हाये. थे रोज झिऱ्यात उतरते. काल तिले दोघींनी हात देऊन वर काढलं."

ती घागर उचलून गेली. मी दारातून बाहेर पाहिलं. नाल्यापर्यंत सगळं गवत वाळून पिवळं, कुठे भुरकट. मग उरलेल्या पोत्याकडे पाहिलं. तोच रंग. न रंगवता कापलं असतं तर दोन दिवसांत काम झालं असतं आणि खरंही झालं असतं. गवत म्हटलं की हिरवं, असं मी मुलींना चित्रकलेत शिकवत आले होते. खिडकीतून एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी तिकडे जाऊन गुरुजींना सांगितलं. ते चिडले.

"आदर्श गाव दाखवायचं आहे, बाई. वाळकं गवत पाहायला कोण येतं?"

"आपण विहीर मागायला चाललोय गुरुजी, बक्षीस घ्यायला नाही."

"चार दिवस तुम्हीच रंगवलंत ना?"

"हो. चार दिवस मीच चुकले."

त्यांनी शाळेला कुलूप घातलं. "उद्या दहाला गाडी जुंपतील. फळी ओली असली तर मी नेणार नाही. आणि साहेबांनी विचारलं तर तुमच्याकडे बोट दाखवीन."

"दाखवा."

त्या दिवशी आणखी काही करायची ताकद नव्हती. जेवून झोपले.

सकाळी उठून पाणी तापवलं. गरम पाण्यात बुडवून पिळलेली फडकी घरं सोडून फळीवर पसरली. बाभळीचा डिंक लगेच सुटला. उलथन्याने चार दिवसांचं गवत खरवडून टोपलीत टाकलं. लाकडावर हिरवे डाग राहिले. त्यावर शेतातली माती चाळून डिंकात कालवून फासली आणि फळी उन्हात ठेवली. शेजारणीला बोलावून कात्री दिली. ती बोटभर लांब कापू लागली.

"आखूड कापा, छप्पर शाकारायचं नाही."

"पोरींवर बी अशाच वरडता काय वं बाई?"

मार्चमधलं गवत विरळच असतं. पूर्वीच्या चौथ्या हिश्श्यात काम भागलं. मातीत नाला ओढला, त्यात काडीने झिऱ्याचा बारीक खड्डा केला आणि शेजारणीच्या सांगण्यावरून त्याच्या काठावर हरभऱ्याएवढी मातीची घागर ठेवली.

दहाला गुरुजींनी फळीवर बोट टेकवून पाहिलं. कोरडी होती. "चला," म्हणाले. मी पायात चपला घातल्या आणि गाडीत चढले. तो खड्डा कशाचा, हे साहेबांना सांगायला कोणीतरी हवं होतं.