बसाण्णांनी झाकलेली जाळी

बसाण्णांच्या दुकानासमोर एक लाकडी बाकडं होतं आणि त्यावर बसायला मनाई होती. ते बाकडं जुन्या मालाचं. कुणाचंही इंजिन उघडलं की बसाण्णा त्यावर वर्तमानपत्र पसरत, काढलेला एकेक भाग डिझेलनं धुऊन ओळीनं मांडत आणि गाडीचा मालक आला की त्याला आधी तिथं उभा करत. "जुना माल बघितल्याबिगर गाडी हलायची न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालकाला घाई असो, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसो, बघावं लागेच. रस्त्यानं जाणारे-येणारेही थांबून डोकावत. "बघू द्या की," बसाण्णा म्हणत, "आमी काय लपवतोय?"

उद्यमनगरात एका शटरचं ते दुकान. बसाण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे. अंगानं किरकोळ, कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्याच्याच शेजारी कुठंतरी ग्रीसचा डाग. मी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवतो. वंगण हा माझा हातखंडा विषय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याची लाज याच गोष्टीनं दुप्पट होते.

माझी गाडी जुनी. कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलो की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, गाडी पळायला लागली की विझायचा. एका मोठ्या गॅरेजनं बघितल्या बघितल्या सांगितलं, इंजिनच बदला. ते मला झेपणारं नव्हतं. शेजारच्या जाधव सरांनी बसाण्णांचं नाव सुचवलं. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडंच जात.

"दिवा लागतोय म्हनून इंजिन गेलं?" बसाण्णा म्हणाले. "आधी दिवा खरं बोलतोय का खोटं, ते बघूया की." त्यांनी इंजिनावरचं दिव्याचं बटण काढून तिथं प्रेशरचं घड्याळ जोडलं. थंड इंजिनाला काटा व्यवस्थित उभा राहिला. मग मला शेजारी बसवून चांगलं अर्धा तास इंजिन तापवलं. काटा हळूहळू खाली बसला. "खरं बोलतोय बिचारा," ते म्हणाले. खालचं चेंबर उघडलं, एक बेअरिंगची वाटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. वरचा करडा थर झिजून आतलं तांबं दिसत होतं. झिजलेल्या बेअरिंगमधून तेल निसटतं आणि दाब पडतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो होतो. तळहातावर ते पहिल्यांदाच बघत होतो. तसं मी त्यांना सांगितलं नाही. उलट जाणकारासारखी मान हलवली.

इंजिन बांधायची त्यांची रीत साधी होती. "झिजलंय त्ये बदलायचं, चालतंय त्याला हात लावायचा न्हाय." क्रँक लेथवाल्याकडून मोजून, साफ करून आणला. बेअरिंगं, रिंगा आणि ऑइल पंप नवा घातला. पिस्टन तेच ठेवले, व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. पॅकिंग कागदाचं, स्वतः कापलेलं. पॅकिंगऐवजी लावतात ती ट्यूबमधली लाल पेस्ट त्यांच्या दुकानात दिसायची नाही. "पेस्ट म्हंजे आळशाचं काम. भाईर दिसती थोडी, आत जाती जास्त," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. बाकड्यावर मला सगळा जुना माल दाखवला आणि गाडी देताना बजावलं, "सर, पंधरा दिसांनी या. वरच्या झाकनाचं बोल्ट परत आवळायचं हायत. तवर जरा तेल पाझरंल, घाबरू नगा."

तेल पाझरलं. आणि मी गेलो नाही. एवढ्याशा कामासाठी मेकॅनिकलच्या प्राध्यापकानं मिस्त्रीच्या दारात कशाला जायचं? मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, लाल पेस्टची ट्यूब आणली आणि रविवारी सकाळी झाकण उघडून कडेनं भरपूर पेस्ट लावली. कमी पडायला नको म्हणून वर आणखी एक थर दिला. बायकोला बोलावून दाखवलंसुद्धा. पाझरणं बंद झालं.

महिन्याभरात लाल दिवा पुन्हा लागला. या वेळी विझेचना.

मी जाधव सरांना सोबत घेऊन दुकानात गेलो. तिथं पेठ वडगावचे एक गाडीवाले आणि आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांच्या देखत मी आवाज चढवला. स्वस्तात काम म्हणजे असंच का, नवा पंप म्हणून जुनाच घातलात का, असं काय काय बोललो. बसाण्णा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "उद्या या. उघडून ठिवतो." घरी येऊन मी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं इंजिनचं काम देण्याआधी विचार करा. माझं महिन्यात गेलं.'

दुसऱ्या दिवशी जाधव सरांसोबत पुन्हा गेलो. ग्रुपवर वाचून कॉलेजातले आणखी दोघं आले होते, पेठ वडगावचे गाडीवालेही थांबले होते. बाकड्यावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. पण त्यावर जे काही होतं, ते एका फडक्यानं झाकलेलं होतं. इतक्या वर्षांत त्या बाकड्यावर फडकं कुणी बघितलं नव्हतं.

"काय निघालं?" गाडीवाल्यांनी विचारलं.

"हाय कायबाय," बसाण्णा म्हणाले. "सरांचं मी बघतो."

मला ते आत घेऊन गेले. फडक्याचं गाठोडं माझ्या हातात दिलं. आत तेल ओढून घेणाऱ्या पंपाची जाळी होती आणि तिच्या भोकाभोकात लाल पेस्टचे तुकडे अडकले होते. तेलाला वर जायला वाटच नव्हती. मी वर बघितलं नाही.

"नवी जाळी घातलीया. बेअरिंगांस्नी काय झालं न्हाय, नशीब," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्ये घरला न्हेऊन टाका. हितं नको. तुमी पोरास्नी शिकवता, पोरं हासतील."

बाहेर आलो. सगळे माझ्याकडं बघत होते. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, चूक माझी होती. मी गाठोडं डिकीत ठेवलं आणि "झालं काम" म्हणालो. गाडीत बसल्यावर जाधव सर म्हणाले, "माल झाकला म्हणजे काय ते समजायचं." मी गिअर टाकला. 'हो' म्हणालो नाही, हे मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण 'नाही' असं तरी कुठं म्हणालो होतो?

बसाण्णांनी माल झाकला, ही बातमी उद्यमनगरात फिरली. कॉलेजच्या गाड्या एकेक करून दुसरीकडं गेल्या. मीही जायचं टाळायला लागलो. माझी गाडी मात्र आजतागायत ठणठणीत आहे, जोतिबाचा घाट न कुरकुरता चढते. वर्षभरानं एकदा दुकानावरून गेलो तेव्हा बाकड्यावर दोघं-तिघं निवांत गप्पा मारत बसले होते. बसायला मनाई राहिली नव्हती, कारण मांडायला माल नव्हता. बसाण्णांनी हात वर करून विचारलं, "दिवा लागत न्हाय न्हवं, सर?" मी मान हलवली आणि गाडी पुढं काढली.

गेल्या महिन्यात लेथवाल्याकडून कळलं, बसाण्णा गेले. झोपेतच. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, तिथं गेलो. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. पेस्ट, जाळी, ग्रुपवर लिहिलेलं. सांगताना, खरं सांगायचं तर, थोडं हलकं वाटायला लागलं होतं.

अक्कांनी मला मध्येच थांबवलं. "मला कशाला सांगतासा? मला तवाच म्हाईत हाय. मालकांनी त्याच दिशी सांगितलंतं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ज्यांस्नी म्हाईत न्हाय त्यांस्नी सांगा की."

घरी आल्यावर माळ्यावरचं गाठोडं काढलं. ते फेकून द्यायचंही धाडस मला झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला सगळे जमले असताना स्टाफरूमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि जाळी मधोमध ठेवली.

"हे काय?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या गाडीतला जुना माल. बसाण्णांनी झाकला होता तो. बघून घ्या." आणि ती पेस्ट कुणी लावली, ते सांगितलं.

सगळे यंत्र शिकवणारे, कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. जाधव सरांनी जाळी उचलली, लाल तुकडा नखानं खरवडून बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या गाडीचं काम काढायचंच आहे. आजच घेऊन जातो आणि आधी माफी मागतो त्यांची. बसाण्णा असतील ना आत्ता दुकानात?"

तेही मलाच सांगावं लागलं.