हिरड्याचं पेटंट

मित्राने फिल्म धुण्याच्या रसायनाचं पेटंट मागितलंय, हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. पोटात दुखलं, सरळ सांगतो. तो बारावी नापास, मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आणि शोध कोणाचा? त्याचा!

तरुणपणी गोंदियाजवळच्या गोरेगावात आम्ही दोघं मिळून फोटो स्टुडिओ चालवायचो. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापायचं, की फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुटायचा आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो वाया जायचे. रसायनं कालवणं माझ्याकडे, एम.एस्सी. झालो होतो ना! बर्फ हाच उपाय, असं मीच ठरवलं आणि गोंदियाहून एसटीने पोत्यात गुंडाळून आणत राहिलो. पुढे मला कॉलेजात नोकरी लागली, स्टुडिओ त्याच्याकडे राहिला. आता शहरातल्या पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलंय, आणि याने धुण्याच्या रसायनात हिरड्याचा काढा घातला. हिरड्याने कातडं कमावतात, तसा तो थरही घट्ट होतो. बर्फ लागतच नाही.

एका कंपनीने पेटंटला हरकत घेतली. त्यांच्या वकिलाला माझ्याकडून तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं: या कामात मुरलेल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं. तसं ठरलं की पेटंट गेलंच. मी तर टपूनच बसलो होतो. जिलेटिन कातड्याहाडांचंच, मग त्याला हिरडा लावण्यात शोध कसला? तीन पानं एका बैठकीत लिहिली आणि बायकोला वाचून दाखवली.

ती भाजी निवडत होती. "इतकं सोपं होतं त मंग तुमी काऊन नाई केलं जी? बर्फ कायले आणत होते?"

"अगं, तेव्हा..." म्हणालो आणि आठवलं: खोकल्यासाठीचा हिरडा तेव्हाही डार्करूमच्या फळीवर असायचा, माझ्याच डबीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कायदा ज्या मुरलेल्या माणसाबद्दल विचारत होता तो मीच होतो, आणि मला दहा उन्हाळ्यांत ते सुचलं नव्हतं.

पानं फाडली. नवं प्रतिज्ञापत्र अर्ध्या पानाचं झालं: शिक्षण होतं, अडचण रोजची होती, हिरडा हाताशी होता, तरी मला सुचलं नाही. दातओठ खात सही केली. वकिलाला ते नको होतं, म्हणून मित्राकडे पाठवून दिलं.

पेटंट त्याला मिळालं. त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही.